गल्लीतल्या तापाची नोंद आपणच ठेवायची का? (कोल्हापूर)

फुलेवाडीकर

मंडळी, वळवाचे दोन सडाके होऊन गेलेत, मृग तोंडावर आहे, म्हणून आत्ताच विषय काढतोय.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीत श्रावणापासून तापानं घरं धरली होती. कुणाला डेंगी, कुणाला चिकुनगुन्या, कुणाचं निदानच झालं नाही. पण एवढी माणसं आजारी होती हे आम्हाला कळलं कधी? दसऱ्याला सोनं द्यायला घरोघरी गेलो तेव्हा. "आमच्याकडं पण दोघं झोपून होती बघा," हे दर दुसऱ्या दारात ऐकलं. एक घर राजारामपुरीतल्या डॉक्टरकडं, दुसरं सीपीआर या सरकारी दवाखान्यात, तिसरं ओळखीच्या मेडिकलवाल्याकडं. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना एकमेकांचा ताप माहीत नव्हता. एका बाईंच्या प्लेटलेट इतक्या उतरल्या की आयसीयूत ठेवावं लागलं. त्यांच्या घराला लागून असलेल्या प्लॉटवर बांधकामाचा पाण्याचा हौद महिनाभर उघडा होता.

माझं म्हणणं असं, की गल्लीनं स्वतःची नोंद ठेवावी. या आठवड्यात किती घरांत ताप, किती जुलाब, किती कावीळ, एवढंच. नावं नकोत. आकडा वाढला की आरोग्य केंद्राला लगेच कळवायचं. कुणी असं केलंय का? कसं करावं, आणि द्यायचं कुणाला?

बावड्याचा_गडी

नोंद ठेवा की. पण पयला धुराची गाडी मागवा. डासच मेलं तर ताप येतोय कुठनं?

पेठेतली_सून

आमच्या गल्लीचा व्हॉट्सअप ग्रुप आहे. त्यात रोज सकाळी शंभर शुभेच्छा येतात आणि पाणी कधी येणार हे सात जण विचारतात. ताप आलाय असं आजवर एकानंही लिहिलेलं नाही. लोकांना ते कमीपणाचं वाटतं.

स्टेथो_आणि_छत्री

मी उपनगरात जनरल प्रॅक्टिस करतो. फुलेवाडीकर, कल्पना चांगली आहे. ती का चांगली आहे हे जरा दिवसांच्या हिशोबानं सांगतो.

डेंगीचा डास चावल्यावर माणसाला ताप यायला साधारण ४ ते १० दिवस लागतात. तापात असलेल्या माणसाला चावलेला डास दुसऱ्याला रोग द्यायला लायक व्हायला आणखी ८ ते १२ दिवस. म्हणजे गल्लीत पहिला रुग्ण दिसल्यापासून त्याच्यामुळं दुसऱ्या घरात ताप येईपर्यंत मध्ये दोन-तीन आठवडे मिळतात. जे काय करायचं ते या दिवसांत. हे दिवस हातचे जातात, कारण पहिला रुग्ण फक्त त्याच्या घरच्यांना आणि माझ्यासारख्या एखाद्या डॉक्टरला माहीत असतो.

@बावड्याचा_गडी, धुराबद्दल. फॉगिंगनं त्या वेळी हवेत उडणारे डास मरतात. पिंपातल्या अळीला काही होत नाही. अंड्यातून उडणारा डास व्हायला पावसाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात नवी फौज हजर. शिवाय एडिस, म्हणजे डेंगीचा डास, दिवसा चावतो आणि घरातच कॉटखाली, पडद्यामागं, खुंटीवरच्या कपड्यांत बसतो. गाडीचा आवाज आला की आपण काय करतो? धडाधड खिडक्या लावून घेतो. रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपास धुराचा उपयोग असतो, नाही असं नाही, पण तो पाणी तपासण्याच्या जोडीला.

आणखी एक. रॅपिड कार्डवर 'पॉझिटिव्ह' आलेला रुग्ण सरकारी हिशोबात संशयित असतो, एलायझा तपासणी झाली की निश्चित. त्यामुळं पेपरातला आकडा आणि गल्लीतला आकडा जुळत नाही म्हणून लगेच कुणी खोटं बोलतंय असं समजू नका. पहिल्या पाचेक दिवसांत रक्ताची एनएस१ तपासणी, त्यानंतर आयजीएम. चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी केली तर खरा डेंगीही निगेटिव्ह येतो.

बावड्याचा_गडी

डॉक्टर, पटलं. खिडक्या लावायचं तर अगदी पटलं. आमची आई धुराची गाडी दिसली की वाळत घातलेल्या पापडासकट सगळं आत घेती.

तिसऱ्या_मजल्यावरून

मी जरा वेगळं बोलणार आहे. नावं नकोत म्हणता, पण बारा घरांच्या गल्लीत "एका घरात कावीळ" लिहिलं की ते घर कुठलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. माझ्या मैत्रिणीला टीबी झाला होता. ती कॉटवर राहून शिकत होती. औषध सुरू झालं होतं, डॉक्टरांनी काळजीचं कारण नाही असं सांगितलं होतं. तरी घरमालकिणीनं आठ दिवसांत खोली रिकामी करायला लावली. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती सामान घेऊन फिरत होती. कोविडमध्ये दारावर चिकटवलेले कागद आणि शेजाऱ्यांच्या नजरा विसरलात का?

नोंद ठेवणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. वाचणाऱ्याचं काय?

फुलेवाडीकर

@तिसऱ्या_मजल्यावरून, तुमचा मुद्दा मनाला लागला. माझा विचार ताप, जुलाब आणि कावीळ या तिघांपुरताच आहे. टीबी, एचआयव्ही असले आजार गल्लीच्या नोंदीत अजिबात नकोत. आणि नोंद ग्रुपवर टाकायची नाही, एका माणसाकडं राहील. तरीही भीती उरते हे मान्य. त्यावर काय करता येईल ते सुचवा.

स्टेथो_आणि_छत्री

टीबी गल्लीच्या वहीत नको, याला शंभर टक्के अनुमोदन. त्याची गरजही नाही. टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. नोंद निक्षय पोर्टलवर होते आणि ती गोपनीय असते. रुग्णाला आहारासाठी महिन्याला पैसेही मिळतात, पूर्वी ५००, आता १०००.

करवीरची_आशा

मी करवीर तालुक्यात आशा म्हणून काम करते. तुम्ही जे करू म्हणताय ते आमचं रोजचंच आहे, म्हणून वाचून बरं वाटलं.

गावात घरं फिरते तेव्हा "कुणाला ताप आहे का?" असं विचारलं की सगळी "नाही" म्हणतात. दारातनंच. मग मी विचारते, "आज कोण शाळेला गेलं नाही? कोण रानात गेलं नाही?" मग आतनं आवाज येतो, "थोरला झोपलाय, अंग दुखतंय म्हणतोय." तिथनं पुढं सगळं कळतं. तुम्ही नोंद ठेवणार असाल तर असं विचारा.

कावीळ तर लोक लपवतातच. आधी उतरवून घ्यायला जातात, कानात औषध, हाताला माळ. त्यात आठ-दहा दिवस जातात आणि तोवर तेच पाणी सगळी आळी पिते. माझ्या भागात एक गरोदर मुलगी अशीच उशिरा आली होती. वाचली, पण लई हाल झाले. गरोदरपणातली कावीळ कुणी अंगावर काढू नका, हात जोडून सांगते.

आणि ताई (@तिसऱ्या_मजल्यावरून), तुमचं खरं आहे. मी कुणाच्या घरातलं दुसऱ्या घरात बोलत नाही. एकदा बोलले की पुढच्या खेपेला दार उघडत नाहीत.

तालीम_मंडळ_जिंदाबाद

आशाताई, तुम्हाला मुजरा!

आमच्या शिवाजी पेठेत कुठल्या घरात आज मटण शिजलंय हे चौथ्या गल्लीला कळतं. ताप कळायला काय अवघड आहे? चेष्टा बाजूला, पण यंत्रणा तयार आहे. वर्गणीला आम्ही एकही घर सोडत नाही, वरच्या मजल्यावरचा भाडेकरूसुद्धा. २०१९ ला पूर आला तेव्हा जेवणाची पाकिटं, दूध, औषधं पोचवली ती तालमीच्या पोरांनीच. तीच पोरं रविवारी पिंपं बघत फिरली तर? एका पोराला वीस घरं. मूर्ती ठरवायच्या आधी हे ठरवू.

हिवताप_खात्यातला

नमस्कार. निवृत्त आहे. उमेदीची सगळी वर्षं हिवताप खात्यात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

आम्ही दर पंधरवड्याला गावातल्या प्रत्येक घरी जायचो. ताप असला की बोटातनं रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि दाराशेजारी भिंतीवर भेटीची तारीख टाकायची. त्या तारखेवर साहेब आमची हजेरी तपासायचा. त्याच काळात देवीच्या रोगाची मोहीम होती. शेवटी शेवटी तर देवीचा रोगी कळवणाऱ्याला १००० रुपये बक्षीस होतं, भिंतींवर तसं रंगवलेलं असायचं. तेव्हाचे हजार म्हणजे केवढे! पण त्यामुळं लोक रोग लपवायचे थांबले. १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. लस होती म्हणून झाला हे खरंच, पण रोगी कुठं आहे हे दारोदार शोधलं म्हणून ती लस योग्य जागी पोचली.

आता पिंपं बघायला निघणाऱ्या पोरांसाठी. बॅटरी घ्या आणि एक पांढरी थाळी. पिंपावर वाकलात की तुमच्या सावलीनं अळ्या झपकन तळाला जातात आणि तुम्ही "स्वच्छ आहे" म्हणून पुढं निघता. म्हणून हलायचं नाही, मिनिटभर थांबायचं. श्वास घ्यायला त्या वळवळत वर येतातच. येऊन पाण्याला उलट्या लोंबकळतात, डोकं खाली आणि शेपटाकडची नळी वर. मग मगानं पाणी काढून थाळीत ओता, लहान मुलालाही दिसतील. घरच्या बाईला थाळी दाखवा. पुढचं भाषण करायची गरज पडत नाही.

पिंप नुसतं ओतून टाकलं म्हणजे काम झालं असं समजू नका. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर कडेला चिकटलेली असतात, मिरपूड उडाल्यासारखी. सुकली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. काथ्यानं घासा, उन्हात पालथं घाला. आठवड्यातनं एक दिवस घरातलं सगळं साठवणीचं पाणी रिकामं.

लोकांना न सुचणाऱ्या जागा: फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, दारातला जुना रगडा किंवा उखळ, गच्चीवरची टायरं आणि कुलूप लावून गावाला गेलेल्यांच्या संडासाचं भांडं. पिंपाला फडकं बांधतात, पण ते मध्ये झोळ पडून पाण्यावर टेकतं आणि डास त्यावर आरामात बसतो. ताणून बांधा.

शंभर घरं बघितली आणि त्यातल्या किती घरांत अळी सापडली, हा टक्का म्हणजे हाऊस इंडेक्स. वहीत एवढा एक आकडा दर रविवारी लिहिलात तरी ताप यायच्या आधी ताप दिसेल.

पेठेतली_सून

काका, हे वाचून उठले आणि फ्रिजचा ट्रे ओढला. आत काय होतं ते लिहीत नाही. धन्यवाद. सासूबाई आता शेजारणीला बोलवून तिचा ट्रे बघायला गेल्यात.

व्हॉल्व्ह_आणि_पाना

पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य गेलं, मी काविळीकडून बोलतो.

लोक म्हणतात, आता काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं धरणाचं पाणी येतंय, मग कसली कावीळ? पुईखडीला शुद्ध झालेलं पाणी तुमच्या नळापर्यंत किती मैल जमिनीखालून येतं बघा. जुन्या वस्तीत नळाची लाइन आणि गटार एकाच चरातून गेलेत. पाणी सुरू असतं तेव्हा लाइनीत दाब असतो, गळती असली तर पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की दाब उतरतो, आणि त्याच भोकातनं भोवतालची घाण आत ओढली जाते. वर काही जण नळाला थेट मोटर लावतात. ती मोटर तुमच्या शेजाऱ्याच्या नळात गटार ओढते, हे लक्षात ठेवा.

२०१२ ला इचलकरंजीत काविळीची केवढी साथ आली होती, आठवत असेल. माणसं दगावली. पाण्यातून पसरलेली साथ. कावीळ ई चा जंतू पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला दोन ते आठ-दहा आठवडे जातात. म्हणजे आज माणसं पिवळी दिसतायत ती महिन्यापूर्वीच्या गळतीमुळं. नुसती कावीळ मोजत बसलात तर कायम महिनाभर मागं राहाल. म्हणून जुलाबाची नोंद जास्त मोलाची, तो दोन-तीन दिवसांत कळतो. आणि त्याहून आधी कळतं ते क्लोरिन. नळाच्या ताज्या पाण्यात ओटीचे (क्लोरिन तपासायच्या द्रावणाचे) थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. लाइनीच्या शेवटच्या घरातही लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलं पाहिजे. साथीच्या दिवसांत ०.५. रंग आला नाही तर त्याच दिवशी तक्रार करा. आधी पाणी उकळा, मग फोन करा.

एक सूचना. वही गल्लीप्रमाणं नको, व्हॉल्व्हप्रमाणं ठेवा. तुमच्या व्हॉल्व्हमनला विचारा, एका वेळी कुठली घरं सुटतात. दोन समोरासमोरच्या गल्ल्या दोन वेगळ्या लाइनीवर असू शकतात. लंडनमध्ये १८५४ ला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरनं मृत्यू नकाशावर मांडले, ते ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती गोळा झालेले दिसले. तिथं पंप होता, आपल्याकडं व्हॉल्व्ह आहे.

रंकाळा_सायंकाळ

उकळा, घासा, झाका. आता गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं का नाही तेवढं पण सांगून टाका.

तालीम_मंडळ_जिंदाबाद

ओ, दुधाचं नाव काढायचं नाही! कट्ट्यावर उभं राहून डोळ्यांसमोर पिळलेलं दूध, वर फेस. आमचे वस्ताद ८० पार करून गेले त्यावर. नाद करायचा नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य आहे. वस्तादांना नमस्कार, पण उकळलेलंच प्या.

ब्रुसेलोसिस नावाचा आजार गाई-म्हशींकडून माणसाला होतो, कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातानं ओढताना. माणसाला आठवडेच्या आठवडे चढ-उतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर धरणं. टायफॉइड समजून औषधं चालू राहतात, कारण जनावराबद्दल कुणी विचारत नाही. म्हैस दिसायला ठणठणीत असली, डोळ्यांसमोर पिळली तरी जंतू दिसत नाही. एक उकळी दिली की तो मरतो आणि दुधाची ताकद जात नाही. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस टोचून घ्या, आयुष्यात एकदाच लागते. वार काढताना हातमोजे घाला. आणि लांबलेला ताप असेल तर डॉक्टरला आपणहून सांगा, की घरी म्हशी आहेत.

तालीम_मंडळ_जिंदाबाद

बरं, उकळतो. फेस मात्र दोन भांड्यांत वर-खाली करून काढणार.

शिरोळकडची_लेक

पुराबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. माझ्या माहेरी घरात गळ्याएवढं पाणी. पाणी उतरल्यावर चिखल काढताना वडिलांच्या पायाला जखम झाली. पुढच्या आठवड्यात ताप, डोळे लाल, पोटऱ्या हात लावू देत नव्हत्या. सगळे म्हणाले दमणूक आहे. गावात आलेल्या वैद्यकीय पथकातल्या एका तरुण डॉक्टरनं पोटऱ्या दाबून बघितल्या आणि लेप्टो (उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप) ओळखला, म्हणून ते आज आहेत.

चिखलात उतरणाऱ्यांनी गमबूट घाला, जखम झाकून घ्या. डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी कुणी घ्यायची ते डॉक्टर ठरवतात, मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नका. आणि नोंदवहीत पुराच्या पाण्यात कोण उतरलं होतं हा एक रकाना ठेवा.

स्टेथो_आणि_छत्री

@शिरोळकडची_लेक, अगदी बरोबर. ताप आणि पोटऱ्या दुखणं एकत्र आलं आणि माणूस पुराच्या पाण्यात गेलेला असला तर थांबायचं नाही.

डेंगीचं एक राहिलं होतं. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, पण धोका तिथंच सुरू होतो. ताप उतरल्यावरच्या एक-दोन दिवसांत पोटात कळा, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोन वाजतासुद्धा दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको.

फुलेवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नातला एक भाग अजून राहिलाय. ही नोंद द्यायची कुणाला? फोन करून "आमच्याकडं ताप वाढलाय" सांगितलं तर कोण मनावर घेणार?

करवीरची_आशा

दादा, शहरात तुमच्या वॉर्डाचं नागरी आरोग्य केंद्र असतं, तिथल्या एएनएम (नर्स) ताईंना द्या. गावात उपकेंद्राला. साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम २००४ पासून आहे. गावपातळीवरून नर्स लक्षणं कळवते, दवाखान्यातून डॉक्टर संशयित निदान कळवतात, लॅब पक्कं निदान कळवते. आता ते सगळं ऑनलाइन भरतात. गावातला किंवा गल्लीतला माणूससुद्धा कळवू शकतो, त्याची दखल घेऊन कुणीतरी येऊन बघतं.

"ताप वाढलाय" असं नका सांगू. "मागच्या आठवड्यात ४० घरांत २ ताप होते, या आठवड्यात ९ आहेत, सगळे एका व्हॉल्व्हवरचे" असं सांगा. असं कुणी सांगितलं तर मी स्वतः त्याच दुपारी निघेन.

तिसऱ्या_मजल्यावरून

हे असं असेल तर माझा विरोध उरत नाही. दोन अटी. वहीत घराचा नंबर नको, व्हॉल्व्ह आणि संख्या एवढंच. आणि वही बाईकडं असावी, शक्यतो जिच्याकडं चारजणी मनातलं बोलायला येतात अशा. आमच्या इमारतीची मी ठेवायला तयार आहे.

फुलेवाडीकर

दोन्ही अटी मान्य. आमच्याकडं अंगणवाडीच्या एक निवृत्त मॅडम आहेत, त्यांना आज विचारतो. रकाने असे ठेवतोय: आठवडा, व्हॉल्व्ह, विचारलेली घरं, ताप, जुलाब, कावीळ, अळी सापडलेली घरं, ओटीचा रंग आला का, पुराच्या पाण्यात उतरलेले.

पण शेजारच्या त्या बांधकामाच्या हौदाचं काय करायचं? मालक पुण्याला असतो, वॉचमन पाणी उपसू देत नाही, स्लॅबला लागतं म्हणतो.

हिवताप_खात्यातला

उपसू नका. वापरातलं पाणी आहे, वॉचमनचंही बरोबर आहे. हिवताप विभागाकडं अळ्या खाणारे गप्पी मासे मागा, फुकट मिळतात. मोठ्या हौदाला तेच चांगले. पाणी एकदम तळाला जाऊ देऊ नका एवढं वॉचमनला सांगून ठेवा, आणि पंपाच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर मासे स्लॅबवर जातील. आठवड्यानं थाळी घेऊन पुन्हा बघा. अळी दिसली तर इथं लिहा, अ‍ॅबेट या अळीनाशकाचं प्रमाण सांगतो.